रासायनिक सूत्रे : पाठांतर नव्हे, हिशेब



स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा बहुधा बचत किंवा कर्जयोजना या विषयाची असावी. मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. तरीही मी रसायनशास्त्रातील एका लहानशा धड्यावर लिहिण्याचे ठरवले. आयनिक संयुगांची सूत्रे कशी लिहावीत आणि त्यांना नावे कशी द्यावीत, हा तो धडा. कला शाखेच्या माणसाने रसायनशास्त्र शिकवावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. म्हणून आधी त्यामागचे कारण सांगतो.

मी १९९६ साली दहावी झालो. नववीत असताना आम्हाला साठ-सत्तर सूत्रांचा एक तक्ता पाठ करायला दिला होता. मी कॅल्शिअम क्लोराइडचे सूत्र लिहिताना क्लोरीनखालचा २ विसरलो. वहीवर लाल रेघ आली. मी धीर करून विचारले, "सर, इथे दोन का येतो?" उत्तर मिळाले, "येतो म्हणून येतो. पाठ कर." घरी विचारावे असे कोणी नव्हते. वडील चौथी शिकलेले, आईला अक्षरओळख नाही. मग मी मनाशी ठरवून टाकले की, विज्ञान हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. कला शाखेत गेलो. इतिहासाने मला पुष्कळ दिले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तो निर्णय आवडीने झाला नव्हता, भीतीने झाला होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

पुढे आपल्या विहारातील अभ्यासिकेत मी संध्याकाळी गणित व इंग्रजी शिकवू लागलो. २०१७ साली नववीतल्या एका मुलीने वही पुढे करून विचारले, "काका, हा दोन कुठून आला?" तोच प्रश्न, तेच कॅल्शिअम क्लोराइड. मला उत्तर येत नव्हते. "उद्या सांगतो," म्हणालो. पाठ्यपुस्तक घरी नेले आणि ओळखीच्या एका विज्ञान शिक्षकांकडे चार रविवार बसलो. तेव्हा कळले की, ज्याला मी एकवीस वर्षे घाबरत होतो तो दोन म्हणजे साधा जमा-नावेचा मेळ आहे. मी रोज बँकेत करतो तोच.

प्रस्तुत लेखात तो मेळ पायरीपायरीने मांडला आहे.

लेखनपद्धतीबद्दल सूचना

मूलद्रव्यांच्या संज्ञा जगभर रोमन लिपीत लिहितात व परीक्षेतही तुम्ही तशाच लिहायच्या आहेत. या लेखात मात्र त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, म्हणजे अभ्यासिकेत एकाने मोठ्याने वाचावे व इतरांनी वहीत रोमन लिपीत उतरवावे, असा सराव होईल. एका मूलद्रव्याची अक्षरे जोडून लिहिली आहेत आणि दुसरे मूलद्रव्य आले की जागा सोडली आहे. उदाहरणार्थ, 'सीओ' म्हणजे कोबाल्ट हा धातू, तर 'सी ओ' म्हणजे कार्बन व ऑक्सिजन मिळून झालेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. रोमन लिपीत हाच फरक दुसरे अक्षर लहान की मोठे यावरून कळतो. म्हणून संज्ञेचे पहिले अक्षर मोठे व दुसरे लहान, हा नियम कधीही मोडू नये.

अक्षरांच्या या संज्ञा स्वीडनचे शास्त्रज्ञ बर्झेलिअस यांनी १८१३ च्या सुमारास सुचवल्या. काही संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी गोंधळतात. त्या लॅटिन नावांवरून आल्या आहेत. सोडिअमचे नॅट्रिअम म्हणून एनए, पोटॅशिअमचे कॅलिअम म्हणून के, लोखंडाचे फेरम म्हणून एफई, तांब्याचे क्युप्रम म्हणून सीयू, चांदीचे अर्जेंटम म्हणून एजी. एवढी पाच नावे लक्षात ठेवली तरी बराच गोंधळ मिटतो.

१. आयन म्हणजे काय?

अणूच्या केंद्रकात धन प्रभाराचे प्रोटॉन असतात आणि बाहेरच्या कवचांत ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. दोघांची संख्या सारखी असल्याने अणू एकंदरीत उदासीन असतो. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांची मांडणी २, ८, १ अशी. शेवटच्या कवचातला तो एकटा इलेक्ट्रॉन सहज निघून जातो. उरतात १० इलेक्ट्रॉन, पण प्रोटॉन मात्र ११ च. म्हणजे १ धन प्रभार शिल्लक राहिला. हा झाला सोडिअमचा धन आयन.

क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन असतात, मांडणी २, ८, ७. शेवटच्या कवचात आठ होण्यास एक कमी. तो एक इलेक्ट्रॉन घेतो. आता इलेक्ट्रॉन १८ व प्रोटॉन १७, म्हणजे १ ऋण प्रभार. हा क्लोराइडचा ऋण आयन. विरुद्ध प्रभार एकमेकांना आकर्षित करतात व सोडिअम क्लोराइड, म्हणजे आपले रोजचे मीठ, तयार होते.

साधारणपणे धातू इलेक्ट्रॉन देतात व धन आयन होतात, तर अधातू घेतात व ऋण आयन होतात. किती दिले किंवा किती घेतले, ती संख्या म्हणजे त्या आयनाची संयुजा. मॅग्नेशिअमची मांडणी २, ८, २ आहे, तो दोन देतो. ॲल्युमिनिअमची २, ८, ३ आहे, तो तीन देतो. ऑक्सिजनची २, ६ आहे, तो दोन घेतो.

'आयन' हा शब्द १८३४ साली इंग्लंडचे मायकेल फॅरडे यांनी रूढ केला. 'जाणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतला आहे, कारण द्रावणातून वीज जाऊ दिली की हे कण एका किंवा दुसऱ्या टोकाकडे जातात. फॅरडे लोहाराचे पुत्र. शालेय शिक्षण जुजबी. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले व बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. पुढे स्वीडनच्या अऱ्हेनिअस यांनी १८८४ साली प्रबंध मांडला. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे प्रभारित कण आपोआप सुटे होतात, हा सिद्धान्त त्यातूनच पुढे आला. परीक्षकांनी त्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली होती. त्याच सिद्धान्तासाठी १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाचणीत कमी गुण पडले म्हणून विषय सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२. सोळा आयनांची यादी

पाठ करण्यासारखे या धड्यात फारसे काही नाही. फक्त पुढील सोळा आयन व त्यांची संयुजा पक्की करा.

धन आयन :
संयुजा १ : सोडिअम (एनए), पोटॅशिअम (के), चांदी (एजी), अमोनिअम (एन एच४)
संयुजा २ : मॅग्नेशिअम (एमजी), कॅल्शिअम (सीए), जस्त (झेडएन)
संयुजा ३ : ॲल्युमिनिअम (एएल)

ऋण आयन :
संयुजा १ : क्लोराइड (सीएल), हायड्रॉक्साइड (ओ एच), नायट्रेट (एन ओ३), बायकार्बोनेट (एच सी ओ३)
संयुजा २ : ऑक्साइड (ओ), सल्फेट (एस ओ४), कार्बोनेट (सी ओ३)
संयुजा ३ : फॉस्फेट (पी ओ४)

आता हिशेब करा. धन आयन ८, ऋण आयन ८. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर ८ × ८ = ६४ सूत्रे होतात. चौसष्ट सूत्रे पाठ करण्यापेक्षा सोळा आयन व एक नियम शिकणे सोपे नाही का? यातील काही जोड्या, उदा. ॲल्युमिनिअम कार्बोनेट, प्रत्यक्षात टिकाऊ नसतात. त्या केवळ कागदावरच्या सरावासाठी समजाव्यात.

३. एकच नियम : जमा बरोबर नावे

बँकेत दिवसअखेर जमेची बेरीज व नावेची बेरीज सारखी यावी लागते. एका रुपयाचा फरक असला तरी घरी जाता येत नाही. संयुगाचेही तसेच आहे. एकूण धन प्रभार = एकूण ऋण प्रभार. संयुग स्वतः उदासीन असते, म्हणून बाकी शून्य आली पाहिजे.

आता ते कॅल्शिअम क्लोराइड घेऊ. कॅल्शिअमकडे २ धन. एका क्लोराइडकडे १ ऋण. एकच क्लोराइड घेतला तर १ धन शिल्लक राहतो, मेळ बसत नाही. दोन क्लोराइड घेतले की २ धन व २ ऋण, बाकी शून्य. म्हणून सूत्र सीए सीएल२. तो दोन इथून आला. "येतो म्हणून येतो" असे काही नाही.

आता थोडे अवघड उदाहरण, ॲल्युमिनिअम ऑक्साइड. ॲल्युमिनिअम ३ धन, ऑक्साइड २ ऋण. ३ व २ यांचा लसावि ६. सहा धन होण्यास दोन ॲल्युमिनिअम लागतात, सहा ऋण होण्यास तीन ऑक्साइड. सूत्र एएल२ ओ३. माणिक हे रत्न म्हणजे मुख्यतः हेच संयुग, त्यातल्या थोड्या क्रोमिअममुळे ते लाल दिसते.

पाठ्यपुस्तकात हीच रीत 'तिरकस गुणाकार' म्हणून दिली आहे. तिच्या पायऱ्या अशा :

पायरी १ : आधी धन आयनाची व मग ऋण आयनाची संज्ञा लिहा.
पायरी २ : प्रत्येकाखाली त्याची संयुजा लिहा.
पायरी ३ : पहिल्याची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी व दुसऱ्याची पहिल्याच्या पायाशी न्या.
पायरी ४ : दोन्ही अंकांना एकाच संख्येने भाग जात असेल तर भागून घ्या. १ हा अंक लिहायचा नाही.
पायरी ५ : धन व ऋण प्रभारांची बेरीज करून मेळ तपासा.

चौथी पायरी पुष्कळजण विसरतात. मॅग्नेशिअम ऑक्साइडचे सूत्र तिरकस गुणाकाराने एमजी२ ओ२ येते. दोन्ही अंकांना दोनाने भाग जातो, म्हणून सूत्र एमजी ओ. असे का करायचे? कारण आयनिक संयुगात दोन-तीन अणूंचा सुटा रेणू नसतोच. मिठाच्या एका कणात असंख्य सोडिअम व क्लोराइड आयन एकाआड एक रचलेले असतात. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड व प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. म्हणून सूत्र सांगते ते फक्त प्रमाण, आणि प्रमाण नेहमी संक्षिप्त रूपात लिहितात, जसे आपण गणितात २ : २ न लिहिता १ : १ लिहितो.

पाचवी पायरी पुस्तकात नसली तरी कराच. कारकुनाचा हा अनुभवाचा सल्ला आहे. बेरीज दुसऱ्यांदा करणाऱ्याची चूक साहेबांच्या टेबलापर्यंत जात नाही.

४. कंस कधी द्यायचा?

हायड्रॉक्साइड, नायट्रेट, सल्फेट, अमोनिअम यांत एकापेक्षा अधिक अणू एकत्र बांधलेले असतात. यांना संमिश्र मूलके म्हणतात. शंभर नोटांचे बांधलेले पॅकेट जसे असते तसे हे समजा. त्यातली एखादी नोट सुटी काढायची नाही. दोन पॅकेटे हवी असतील तर दोन अखंड पॅकेटे घ्यायची.

मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड घेऊ. मॅग्नेशिअम २ धन, हायड्रॉक्साइड १ ऋण. म्हणजे दोन हायड्रॉक्साइड हवेत. सूत्र एमजी (ओ एच)२. कंस न देता एमजी ओ एच२ लिहिले तर त्याचा अर्थ ऑक्सिजन एक व हायड्रोजन दोन असा होतो. पॅकेट फुटले! कंसाबाहेरचा २ हा आतल्या सर्वांना लागू होतो, हे त्याचे काम.

आणखी काही उदाहरणे :

अमोनिअम सल्फेट : अमोनिअम १ धन, सल्फेट २ ऋण. सूत्र (एन एच४)२ एस ओ४. हे शेतातले नत्राचे खत आहे.

कॅल्शिअम फॉस्फेट : ३ × २ = ६ धन, २ × ३ = ६ ऋण. सूत्र सीए३ (पी ओ४)२.

ॲल्युमिनिअम सल्फेट : २ × ३ = ६ धन, ३ × २ = ६ ऋण. सूत्र एएल२ (एस ओ४)३. यात ॲल्युमिनिअम २, गंधक ३ आणि ऑक्सिजन १२ अणू आहेत, हे कंस सोडवून स्वतः मोजून पाहा.

मूलक एकच असेल तर कंस देऊ नये. सोडिअम हायड्रॉक्साइड नुसते एनए ओ एच, कॅल्शिअम कार्बोनेट नुसते सीए सी ओ३.

५. नाव कसे द्यायचे?

१७८७ पर्यंत युरोपातही रसायनांची नावे मनाला येतील तशी होती. कुठे रंगावरून, कुठे गावावरून, कुठे शोधणाऱ्यावरून. त्या वर्षी फ्रान्समध्ये लव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बर्थोले व फुर्क्रुआ या चौघांनी नामकरणाची पद्धत मांडली. पदार्थ कशाकशाचा बनला आहे ते त्याच्या नावातच कळावे, हे तिचे सूत्र. आपण आजही त्याच वाटेने चालतो.

नियम पहिला : आधी धन आयनाचे नाव, मग ऋण आयनाचे. सीए सीएल२ चे नाव कॅल्शिअम क्लोराइड. 'कॅल्शिअम डायक्लोराइड' म्हणण्याची गरज नाही, कारण संयुजा ठाऊक असली की संख्या आपोआप कळते.

नियम दुसरा : ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटी 'आइड' येते. क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड. हायड्रॉक्साइड हा याला अपवाद, त्यात दोन मूलद्रव्ये असूनही 'आइड' येते.

नियम तिसरा : आयनात ऑक्सिजनही असेल तर शेवटी 'एट' किंवा 'आइट' येते. 'एट'मध्ये ऑक्सिजन जास्त, 'आइट'मध्ये कमी. सल्फेट एस ओ४, सल्फाइट एस ओ३. नायट्रेट एन ओ३, नायट्राइट एन ओ२.

हा एका अक्षराचा फरक फक्त गुणांचा नाही. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एका खानावळीत मिठाच्या जागी सोडिअम नायट्राइट वापरले गेले आणि अकरा माणसे अंगाने निळी पडून रुग्णालयात दाखल झाली. नायट्राइटमुळे रक्तातील हिमोग्लोबिन बदलते व ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. दिसायला दोन्ही पांढरेच. फरक सांगणारी गोष्ट एकच, डब्यावरचे नाव. आपल्या वस्तीतील कित्येक माणसे कारखान्यांत, रंगाच्या व औषधांच्या गोदामांत, सफाईच्या कामात रसायने हाताळतात. त्यांच्या घरातील एकाला तरी डब्यावरचे नाव नीट वाचता आले पाहिजे.

६. दोन संयुजांचे धातू

लोखंड व तांबे यांसारखे काही धातू दोन प्रकारचे आयन देतात. याला परिवर्ती संयुजा म्हणतात. लोखंड कधी २ धन, कधी ३ धन. तांबे कधी १, कधी २. जुन्या पद्धतीत कमी संयुजेला 'अस' व जास्त संयुजेला 'इक' हा प्रत्यय लावतात. फेरस म्हणजे २ चे लोखंड, फेरिक म्हणजे ३ चे. क्युप्रस म्हणजे १ चे तांबे, क्युप्रिक म्हणजे २ चे.

जर्मनीचे आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ साली सुटसुटीत पद्धत सुचवली. धातूच्या नावापुढे कंसात संयुजा रोमन अंकात लिहायची. फेरस क्लोराइड म्हणजे आयर्न (दोन) क्लोराइड, फेरिक क्लोराइड म्हणजे आयर्न (तीन) क्लोराइड. पाठ्यपुस्तकात ही दोन्ही नावे भेटतात, म्हणून दोन्ही यावीत.

सूत्रावरून नाव काढताना हिशेब उलटा करायचा. एफई२ ओ३ हे सूत्र घ्या. ऑक्साइड २ ऋण, असे तीन, म्हणजे ६ ऋण. तेवढेच ६ धन दोन लोखंडांनी मिळून दिले पाहिजेत, म्हणजे प्रत्येकी ३. नाव फेरिक ऑक्साइड अर्थात आयर्न (तीन) ऑक्साइड. लोखंडावर चढणारा तांबडा गंज म्हणजे पाण्याचा अंश असलेले हेच संयुग. इथे एक इशारा. लोखंडाच्या पायाशी दिसणारा २ म्हणजे त्याची संयुजा नव्हे, ती अणूंची संख्या आहे. दहातले पाच विद्यार्थी इथे घसरतात.

७. घरातली प्रयोगशाळा

आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, असे मुले म्हणतात. स्वयंपाकघर, औषधांचा डबा व शेताचा बांध पाहा.

मीठ : सोडिअम क्लोराइड, एनए सीएल
खाण्याचा सोडा : सोडिअम बायकार्बोनेट, एनए एच सी ओ३
धुण्याचा सोडा : सोडिअम कार्बोनेट, एनए२ सी ओ३ (स्फटिकात याशिवाय पाणीही असते)
चुनकळी : कॅल्शिअम ऑक्साइड, सीए ओ
विरलेला चुना : कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, सीए (ओ एच)२
चुनखडी व संगमरवर : कॅल्शिअम कार्बोनेट, सीए सी ओ३
नवसागर, कल्हईवाले वापरतात तो : अमोनिअम क्लोराइड, एन एच४ सीएल
मोरचूद, द्राक्षबागेवर फवारतात तो : क्युप्रिक सल्फेट, सीयू एस ओ४ (स्फटिकात याशिवाय पाणीही असते)
रक्तवाढीच्या अनेक गोळ्यांतील लोह : फेरस सल्फेट, एफई एस ओ४
आम्लपित्तावरच्या पातळ औषधात बहुधा : ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड, एएल (ओ एच)३ व मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड, एमजी (ओ एच)२

जुलाबावर देतात ती ओआरएसची पुडी उलटी करून वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या प्रमाणानुसार एक लिटर पाण्यासाठी सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोबत ग्लुकोज व सायट्रेट असते. पोटॅशिअम क्लोराइडचे सूत्र आता तुम्ही न पाहता लिहू शकाल : के सीएल. शेतात 'पोटॅश' म्हणून टाकतात त्या खतातही मुख्यतः हेच संयुग असते. प्रमाण व शुद्धता वेगळी, म्हणून खत हे खतच, औषध हे औषधच.

८. सराव

सूत्रे लिहा : (१) झिंक क्लोराइड (२) पोटॅशिअम सल्फेट (३) कॅल्शिअम नायट्रेट (४) अमोनिअम फॉस्फेट (५) मॅग्नेशिअम बायकार्बोनेट (६) फेरिक हायड्रॉक्साइड

नावे लिहा : (७) एजी२ ओ (८) एएल पी ओ४ (९) एफई सीएल२ (१०) सीयू ओ

उत्तरे : (१) झेडएन सीएल२ (२) के२ एस ओ४ (३) सीए (एन ओ३)२ (४) (एन एच४)३ पी ओ४ (५) एमजी (एच सी ओ३)२ (६) एफई (ओ एच)३ (७) सिल्व्हर ऑक्साइड (८) ॲल्युमिनिअम फॉस्फेट (९) फेरस क्लोराइड, आयर्न (दोन) क्लोराइड (१०) क्युप्रिक ऑक्साइड, कॉपर (दोन) ऑक्साइड

दहापैकी सात बरोबर आली तर धडा समजला असे समजा. चार-पाचच आली तर चुकलेल्या प्रत्येक सूत्रात धन व ऋणाची बेरीज मांडा. चूक कुठे आहे ते सूत्रच तुम्हाला सांगेल. दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. ज्या घरात विचारायला कोणी नाही, त्या घरातल्या मुलासाठी ही मोठीच सोय आहे.

शेवटी

२०१७ साली प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी चार रविवारांनंतर उत्तर दिले. तिने वही ओढून घेतली व ॲल्युमिनिअम सल्फेटचे सूत्र स्वतः काढून दाखवले. पुढे तिने विज्ञान शाखा घेतली, औषधनिर्माणशास्त्राची पदविका केली आणि आता ती एका औषधाच्या दुकानात काम करते. तिच्याच वर्गातला एक मुलगा मात्र नववीला विज्ञानात नापास झाला. तो अभ्यासिकेत फक्त दोन दिवस आला होता. त्या दोन दिवसांत त्यानेही काहीतरी विचारले असेल, मी "उद्या बघू" म्हणालो असेन. त्याने शाळा सोडली. आज तो भेटला की नमस्कार करतो, आणि मला त्याच्याकडे नीट पाहवत नाही.

म्हणून पालकांना व अभ्यासिकेत शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. मुलाने "हा दोन कुठून आला?" असे विचारले तर "पाठ कर" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर "मलाही येत नाही, आपण दोघे मिळून पाहू" म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर पुस्तक घेऊन बसा. माझ्यासारख्या कला शाखेच्या कारकुनाला पस्तिशी उलटल्यावर हा धडा समजला, तो कोणालाही समजेल.

आणि विद्यार्थी मित्रहो, शाखा कोणतीही घ्या. कला घ्या, वाणिज्य घ्या, विज्ञान घ्या. पण ती आवडीने घ्या. एका लहानशा अंकाला घाबरून एक अख्खी वाट बंद करू नका. अभ्यासिका रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. वही व पेन घेऊन या.